गळ्यावाचून गाणे



गाणे म्हटले की आपल्याला प्रथम गळा आठवतो. अमक्याचा गळा गोड, तमक्याचा पहाडी, कुणाचा आवाज पहाटे लागतो, कुणाचा रात्री खुलतो, अशीच आपली बोलण्याची रीत. भजनात मृदंग जरा इकडेतिकडे झाला तर आपण चालवून घेतो, पण बुवांचा आवाज बसला की भजन बसले. अशा आपल्या कानांना मी आज एका चमत्कारिक गायनाकडे नेणार आहे. या गाण्यात गिटार आहे, खर्जात बोलणारी बेस गिटार आहे, ड्रमचा दणका आहे; म्हणजे आपली मुले ज्याला 'रॉक' म्हणतात त्या संगीताचा सगळा सरंजाम आहे. फक्त गाणाऱ्याला गळा नाही. गाणारे कुणी माणूसच नाही. ध्वनींचे बारीक बारीक तुकडे संगणकात साठवून, ते हवे तसे जोडून केलेला तो आवाज आहे.

हा प्रकार मुख्यतः जपानातला. आवाज तयार करणाऱ्या त्या यंत्रणेला 'व्होकालॉइड' म्हणतात आणि तिच्या जोरावर बांधलेल्या रॉक गाण्यांना 'व्होकारॉक'. आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहातून संध्याकाळी चक्कर मारली तर एखाद्या खोलीतून ही गाणी कानावर येतात. मोबाईल खेड्यापाड्यांत पोचला तशी ती तिथेही पोचली असणार. मोठी माणसे ऐकतात आणि म्हणतात, "हे कसले गाणे? पत्र्याच्या डब्यात मुलगी कोंडल्यासारखे वाटते!" तक्रार अगदीच खोटी नाही. पण त्या डब्यात आवाज गेला कसा, आणि लक्षावधी मुलांना तो आपलासा का वाटला, हे सांगण्यासारखे आहे, विशेषतः शिक्षकांना.

यंत्राला बोलते करण्याची माणसाची हौस जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेने 'व्होडर' नावाचे यंत्र मांडले होते. होमर डडली हा त्याचा कर्ता. आपला पेटीवाला जशी पट्ट्यांवर बोटे फिरवतो, तशी एक तरुणी त्याच्या कळा दाबी, पायाखालच्या पट्टीने आवाज चढवी-उतरवी, आणि यंत्रातून शब्द बाहेर पडत. हे कसब अंगी यायला वर्षभर सराव लागे म्हणतात. पुढे १९६१ साली त्याच प्रयोगशाळेत संगणकाने 'डेझी बेल' हे १८९२ सालचे इंग्रजी गाणे म्हणून दाखवले. जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी तो आवाज घडवला होता, साथ मॅक्स मॅथ्यूज यांनी बांधली होती. लेखक आर्थर क्लार्क यांनी हे प्रात्यक्षिक ऐकले. १९६८ च्या '२००१ : ए स्पेस ओडिसी' या चित्रपटात संगणकाची बुद्धी हळूहळू विझत जाते तेव्हा त्याच्या तोंडी हेच गाणे घातले आहे. ज्यांनी तो चित्रपट पाहिला असेल त्यांच्या अंगावर आठवणीनेही काटा येईल.

रॉक संगीतात हा यांत्रिक आवाज कसा शिरला याची एक हकिकत मात्र जरा थांबून सांगितली पाहिजे. नील यंग हा मूळचा कॅनडाचा गायक. गिटार आणि कातर, माणसाळलेला गळा ही त्याची ओळख. १९८२ च्या अखेरीस त्याची 'ट्रान्स' नावाची ध्वनिमुद्रिका आली आणि चाहते चक्रावून गेले. त्यातल्या बऱ्याच गाण्यांत त्याने आपला आवाज 'व्होकोडर' या यंत्रातून काढला होता. ओळखू येईना, इतका. त्यामागचे कारण त्याच्या घरात होते. त्याच्या लहानग्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, त्याला बोलता येत नव्हते. बापाने बोलावे आणि मुलाला कळू नये, मुलाने सांगू पाहावे आणि बापाला कळू नये, ही जी घरातली तगमग, तिने त्या गाण्यांचे रूप घेतले. बाजारात ती चालली नाहीत. पुढच्याच वर्षी ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीने, तू तुझ्यासारखे संगीत देत नाहीस, अशा अर्थाचा दावा त्याच्यावर लावला! कोर्टकचेरीचे पुढे काय झाले ते आपल्याला नको. ध्यानात घ्यायची गोष्ट एवढीच की यंत्राचा आवाज इथे चैन म्हणून आला नव्हता. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तो आला होता. पुढे जपानात काय झाले हे समजायला ही गोष्ट उपयोगी पडेल.

तरीही व्होकोडर म्हणजे मुखवटा. मुखवट्यामागे बोलणारा माणूस लागतोच. माणूस मागे नसताना मुखवट्याने आपण होऊन गावे, हे साधले ते यामाहा कंपनीने. २००० सालच्या मार्चमध्ये स्पेनमधील बार्सिलोना शहरातल्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाबरोबर तिने काम सुरू केले. केनमोची हिदेकी हे त्याचे सूत्रधार. या कामाला आरंभी 'डेझी' असे नाव दिले होते. त्या १९६१ च्या गाण्याची आठवण, दुसरे काय!

आता हे यंत्र गाते कसे ते पाहा. एखाद्या माणसाला, बहुधा आवाजाच्या नटाला किंवा नटीला, बंद खोलीत बसवून अक्षरांच्या जोड्या निरनिराळ्या सुरांत उच्चारायला लावतात. एका ध्वनीवरून दुसऱ्या ध्वनीवर जाताना तोंडात जो वळसा पडतो, तो वळसा नेमका टिपायचा. असे वळसे भांडारात साठवले की मग संगणकाच्या पडद्यावर पेटीच्या पट्ट्या उभ्या मांडलेल्या दिसतात. त्यांच्यापुढे तुम्ही चौकटी आखायच्या, चौकटीत अक्षर लिहायचे. चौकट वर सरकवली की सूर चढतो, लांब ओढली की स्वर लांबतो. कंप हवा, जोर हवा, तर त्याच्या वेगळ्या खुणा. तुकडे जोडून, सांधे घासून, यंत्र ते गाऊन दाखवते. जपानी भाषेला एका पट्टीत असे सुमारे पाचशे वळसे पुरतात, इंग्रजीला अडीच हजार लागतात. कारण जपानी अक्षर बहुधा आपल्या बाराखडीसारखे, व्यंजनाला स्वर चिकटलेले : का, कि, कु, के, को. शिक्षकांना आणखी एक गंमत सांगतो. जपानी अक्षरमालेचा जो क्रम आहे, आ-इ-उ-ए-ओ, मग 'का'ची ओळ, मग 'सा'ची, 'ता'ची, 'ना'ची, तो संस्कृत वर्णमालेचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे आला असे विद्वान मानतात. तेव्हा हे यंत्र जी बाराखडी गिरवून गायला शिकले तिच्याशी आपले दूरचे का होईना, नाते निघते.

२००४ साली पहिले दोन यांत्रिक गायक विक्रीस आले, लिऑन आणि लोला, इंग्रजीत गाणारे. फारसे कुणी विचारले नाही. जपानच्या उत्तर टोकाला होक्काइदो बेट आहे, तिथल्या सप्पोरो गावी क्रिप्टन फ्यूचर मीडिया नावाची एक लहानशी कंपनी होती. तिने त्याच वर्षी मेइको नावाची जपानी गायिका आणली, २००६ साली काइतो नावाचा गायक आणला. आणि ३१ ऑगस्ट २००७ या दिवशी आली हात्सुने मिकु.

मिकुचा आवाज साकी फुजिता या नटीच्या आवाजातून घेतलेला. पण कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली : आवाजाला रूप दिले. केई नावाच्या चित्रकाराने सोळा वर्षांची मुलगी काढली, निळसर हिरव्या केसांच्या गुडघ्याखाली पोचणाऱ्या दोन लांब शेंड्या, दंडावर ०१ हा आकडा. नावाचा अर्थ साधारण 'भविष्यातला पहिला नाद'. उंची, वजन, कोणत्या सुरापासून कोणत्या सुरापर्यंत गाते, आणि कोणत्या लयीत गाववावी, मिनिटाला ७० ते १५० मात्रा, हे सारे डब्यावर छापून. हा लयीचा आकडा लक्षात असू द्या. पुढे तो मोडायचा आहे.

चित्रातली मुलगी गाते आणि लोक टाळ्या वाजवतात, याचे आपल्याला हसू येईल. पण आपण तरी काय करतो? पडद्यावरची नटी ओठ हलवते, गाते दुसरीच, आणि हे पक्के ठाऊक असूनही आपले डोळे भरून येतात. जपानात तर बाहुल्यांच्या नाटकाची परंपराच आहे. बाहुली नाचवणारे रंगमंचावर उघड उभे असतात, बाजूला बसून एक गायक सगळ्यांचे संवाद म्हणतो, आणि प्रेक्षक बाहुलीसाठी रडतात. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे पटवून द्यायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. या मुलीला रॉक का गाववले?

रॉक हे मुळात टोळीचे संगीत. चार जण जमतात, एकाकडे गिटार, एकाकडे बेस, एक ड्रम बडवतो, एक गातो. भांडतात, फुटतात, पुन्हा जमतात. आपल्याकडचे भजनी मंडळ म्हणा किंवा लेझीमचे पथक म्हणा. ज्याच्या आळीत मंडळ नाही, ज्याचा स्वभाव बुजरा, ज्याच्या आवाजाला लोक हसतात, त्याने काय करावे? जपानात असे कितीतरी तरुण, लहान खोल्यांतून, रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कानाला यंत्र लावून गिटार वाजवत बसलेले. ड्रम आणि बेस संगणक वाजवून देत होता. अडला होता तो गळा. तो मिकुच्या रूपाने मिळाला, आणि एकट्या माणसाचा 'बँड' पुरा झाला. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपल्याकडे म्हणतात. तसेच हे यंत्रापुढे बसले आणि त्यांना गाणी सुचू लागली. ती ऐकवायची सोयही नेमकी तेव्हाच झाली होती. २००६ च्या डिसेंबरात निको निको दोगा ही चित्रफिती दाखवणारी सेवा सुरू झाली होती. तिच्यावर कुणीही गाणे ठेवावे, आणि ऐकणाऱ्यांचे शेरे चालत्या चित्रावरूनच सरकत जावेत. ही मंडळी आपले खरे नाव सांगत नसत. टोपणनाव घेत.

पहिले ऐकण्यासारखे गाणे म्हणून मी 'मेल्ट' सुचवीन. ७ डिसेंबर २००७ रोजी र्यो या टोपणनावाच्या रचनाकाराने ते ठेवले. तोवरच्या बऱ्याच गाण्यांत मिकु स्वतःविषयीच गात असे : मी यंत्र आहे, मला विकत घे, मला गायला शिकव, असल्या थाटात. 'मेल्ट' मध्ये तसले काही नाही. एका साध्या मुलीचे साधे प्रेम, पाऊस, छत्री. खाली पियानो आणि गिटारींची भरघोस साथ. यंत्राला नुसतीच गायिका मानून तिच्याकडे गाणे सोपवले ते इथे. आणि लगेच दुसरी गोष्ट घडली. हौशी मुलींनी आणि मुलांनी तेच गाणे आपापल्या आवाजात म्हणून ठेवायला सुरुवात केली. यंत्राने गायचे आणि माणसाने त्याच्यामागून म्हणायचे, अशी उलटी गुरुशिष्य परंपरा सुरू झाली!

परंतु व्होकारॉकला त्याचा खास चेहरा दिला तो वोवाका या तरुणाने. २००९ साली तो या क्षेत्रात आला. त्याची गाणी ऐकताना पहिल्यांदा धाप लागते, ती गाणाऱ्याला नव्हे, ऐकणाऱ्याला. डब्यावर छापलेली १५० मात्रांची मर्यादा त्याने कुठल्या कुठे मागे टाकली. गिटारी दोन बाजूंनी सुया टोचल्यासारख्या टोचत राहतात, ड्रम घोड्याच्या टापांसारखे, आणि त्यावर शब्दांची झड : एक अक्षर संपायच्या आत दुसरे. ख्यालगायकीत 'दमसास' म्हणून एक गुण आपण मानतो. एका श्वासात किती लांब जाता येते यावर गवयाची परीक्षा. इथे श्वासच नाही. मग परीक्षा कसली? वोवाकाने या उणिवेचेच बळ केले. माणूस ज्या ठिकाणी थांबलाच असता तिथे त्याचे गाणे थांबत नाही, आणि त्या न थांबण्यात एक प्रकारची घुसमट आपोआप उतरते. मनात विचार धावत असतात तेव्हा ते कुठे श्वास घ्यायला थांबतात!

२०१० च्या फेब्रुवारीतले त्याचे 'रोलिंग गर्ल' हे गाणे मी या सगळ्यांत वरचे मानतो. एक मुलगी पुन्हा पुन्हा पडते, घरंगळते, अजून एकदा म्हणते, आणि श्वास रोखून धरते. जिला श्वास नाही तिच्याकडून श्वास रोखण्याचे गाणे गाववले आहे, हे ध्यानात आले की तो पत्र्याचा आवाज पत्र्याचा राहत नाही. हे गाणे माणसाच्या भरल्या गळ्यातून पहिल्यांदा आले असते तर ते कदाचित रडगाणे झाले असते. मिकुचा आवाज रडू शकत नाही. म्हणून रडण्याचे काम ऐकणाऱ्याकडे येते. हे गाणे, आणि त्या पठडीतली आणखी बरीच, निराशेच्या अगदी कडेपर्यंत जातात. लहान मुलांच्या हाती आंधळेपणाने द्यावीत असे मी म्हणणार नाही. पण मोठा मुलगा ती लपूनछपून ऐकत असेल, तर ओरडण्याआधी त्याच्या शेजारी बसून एकदा आपणही ऐकावे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात हाची या टोपणनावाच्या मुलाचे 'मात्र्योश्का' आले. मात्र्योश्का म्हणजे रशियातली पोटात पोट असणारी लाकडी बाहुली. मिकु आणि गुमी असे दोन यांत्रिक आवाज त्यात एकमेकींच्या अंगावर धावून जातात. वाजवणे जत्रेतल्या पाळण्यासारखे गरगरणारे, थोडे मुद्दाम बेसूर. चित्रेही त्याची त्यानेच काढली होती. हा हाची तोकुशिमा या आडबाजूच्या प्रांतातला, जन्म १९९१ चा. २०१२ साली त्याने यंत्राचा आवाज बाजूला ठेवला, योनेझु केन्शी हे आपले खरे नाव लावले, आणि 'डायोरामा' ही ध्वनिमुद्रिका स्वतःच्या गळ्याने गायली. २०१८ सालचे त्याचे 'लेमन' जपानात घराघरांत पोचले. ज्याने आडोशाला उभे राहून गायला सुरुवात केली तो आडोसा सोडून पुढे आला. आणि गंमत अशी की त्याच्या गायकीत, त्या मध्येच तुटणाऱ्या आणि झपकन् उडी मारणाऱ्या चालींत, यंत्राकडून शिकलेले वळण राहिलेच आहे. २०१७ साली तो पुन्हा एकदा हाची होऊन मिकुकडे आला, 'सुना नो वाकुसेइ' म्हणजे 'वाळूचा ग्रह' हे गाणे घेऊन. ज्या रानात आपण वाढलो ते आता ओसाड झाले, असा त्याचा सूर होता. काहींना तो झोंबला. गाणे मात्र उत्तम आहे, सावकाश चालीचे. ज्यांना वोवाकाची झड सोसत नाही त्यांनी इथून आरंभ करावा. बाकी, आजच्या जपानी संगीतातले योआसोबी आणि योरुशिका हे दोन प्रसिद्ध गट घ्या; त्यांचे रचनाकार याच वाटेने आलेले आहेत.

शिक्षकांसाठी एक गाणे मी मुद्दाम राखून ठेवले होते. नेरु या रचनाकाराचे २०१३ सालचे 'रोस्टो वान नो गोकोकु', म्हणजे जवळजवळ 'हरवलेल्याचा आक्रोश'. ते गाते कागामिने रिन. आसामी शिमोदा या नटीच्या आवाजातून घडवलेली, मिकुपेक्षा धारदार आणि थोडी किंचाळणारी. गाणे आहे वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे. गणित-शास्त्रात रस, भाषेत मागे, आणि आपले खरे काय, खोटे काय, याची भर वर्गात कुणी विचारपूस न केलेली. खाली गिटारी अशा करकरतात की बाक ओढल्याचा भास व्हावा. मी वीसेक वर्षे वर्गावर शिकवतो आहे. मुले आपल्याला जे सांगत नाहीत ते कुठे सांगत असतील, याचा मला नेहमी प्रश्न पडतो. जपानातल्या मुलांनी ते या यंत्राच्या तोंडून सांगितले. माणसाच्या तोंडून सांगितले असते तर कोण म्हणाले, कुणाच्या घरचा, कोणत्या शाळेतला, हे आपण आधी विचारले असते. यंत्राला घर नाही, शाळा नाही. म्हणून ते कुणाच्याही वतीने बोलू शकते.

"तरी पण गुरुजी, हे गाणे खरे कसे?" असे कुणी विचारील. हा आक्षेप आपल्या आकाशवाणीला नवा नाही. १९४० सालच्या मार्चपासून आकाशवाणीने पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी केली होती. पेटीला मींड काढता येत नाही, तिच्या पट्ट्यांत श्रुती बसत नाहीत, ती परदेशी, ती आपल्या गाण्याला मारते, असे तिच्यावर आरोप होते. आरोप करणारे काही अडाणी नव्हते. रवींद्रनाथ ठाकुरांसारखी माणसे पेटीच्या विरुद्ध होती. आणि खरे सांगायचे तर मींडेविषयीचा आरोप शब्दशः खरा होता. पण त्याच पेटीने इकडे महाराष्ट्रात संगीत नाटक पेलले, कीर्तन पेलले, गावोगावच्या देवळांत भजन पेलले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांखाली ती गाऊ लागली. मींड नव्हती तर वादकांनी सुरांच्या झपाट्यातून तिचा भास निर्माण केला. १९७१ साली बंदी सैल झाली. मिकुवरचे आरोपही असेच शब्दशः खरे आहेत. तिला श्वास नाही, तिला भाव कळत नाही, तिचे सांधे ऐकू येतात. वाद्यातले उणे काय ते मोजून कोणते संगीत निघेल हे सांगता येत नाही, एवढेच माझे म्हणणे. मात्र एक फरक मला टोचतो आणि तो मी लपवणार नाही. पेटीमागे कुणाचा गळा नव्हता. मिकुमागे साकी फुजिता या बाईंचा आहे, आणि गाणी ऐकणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असते?

जुन्या पिढीने या गाण्यांना घरात घेतले याची खूणही सांगितली पाहिजे. कुरोउसा या रचनाकाराचे २०११ सालचे 'सेनबोनझाकुरा', 'हजार चेरीची झाडे', हे मिकुचे गाणे जुन्या जपानी चालींचा बाज घेऊन रॉकच्या वेगाने धावते. २०१४ साली वागाक्की बँड या गटाने ते कोतो, शामिसेन, शाकुहाची बासरी आणि मोठे पडघम यांच्याबरोबर गिटारी लावून वाजवले. जणू संबळ-तुणतुण्याशेजारी गिटार उभी केली! आणि २०१५ सालच्या ३१ डिसेंबरला एनएचके या जपानच्या सार्वजनिक नभोवाणी संस्थेच्या 'कोहाकु' या वर्षअखेरीच्या गाण्यांच्या सामन्यात सचिको कोबायाशी या जुन्या, मानाच्या गायिकेने तेच गायले. हा कार्यक्रम १९५१ साली रेडिओवर सुरू झाला होता. १९६४ पासून गाणारी बाई, आणि गाणे यंत्रासाठी रचलेले. ऐकणाऱ्या आजीबाईंना त्यात काही वावगे वाटले असेल असे वाटत नाही.

या गाण्यांच्या मैफलीही होतात. ९ मार्च २०१० रोजी तोक्योला झालेली मैफल प्रसिद्ध आहे. तारीख मुद्दाम निवडलेली. जपानीत तीन-नऊ हे आकडे 'मि-कु' असेही वाचता येतात. पारदर्शक पडद्यावर मिकुचे चित्र नाचत-गात होते, आणि तिच्या मागे गिटार, बेस, ड्रम घेऊन घामाघूम झालेली जिवंत माणसे वाजवत होती. एकट्याच्या खोलीत जो बँड नव्हता तो अखेरीस असा जमला. गायिकेला मात्र घाम नाही.

वोवाकाचे शेवटी काय झाले? त्याने मिकु सोडली नाही, पण स्वतःही गाऊ लागला. तीन साथीदार जमवून त्याने 'हितोरिए' नावाचा गट काढला. या नावात 'हितोरी' म्हणजे 'एकटा' हा शब्द आहे. एकट्याची कार्यशाळा, असा त्याचा रोख. चौघांच्या गटाला एकट्याचे नाव देणारा माणूस तो! २०१७ साली, मिकुला दहा वर्षे झाली तेव्हा, त्याने तिच्यासाठी 'अननोन मदर-गूस' हे गाणे बांधले. ५ एप्रिल २०१९ रोजी तो वारला. वय अवघे एकतीस. उरलेल्या तिघांनी गट मोडला नाही. गिटार वाजवणारा शिनोदा गाऊ लागला.

यामाहाने २०२२ साली यंत्रणेची सहावी आवृत्ती काढली. तिच्यात कृत्रिम बुद्धीची मदत आहे, आवाज पुष्कळ माणसासारखा होतो, सांधे फारसे कळत नाहीत. तरी अनेक रचनाकार अजून तो जुना, लाकडी, सांधे दिसणारा आवाजच घेतात. मला त्यात नवल वाटत नाही.

ज्यांना एकच गाणे ऐकायला सवड आहे त्यांनी 'अननोन मदर-गूस' ऐकावे, पण दोनदा. आधी मिकुचे, मग हितोरिएबरोबर वोवाकाने स्वतः गायलेले. चाल तीच, शब्द तेच, गिटारीही बहुतेक तशाच. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द कळत नसले तरी चालेल. ज्या ओळी त्याने श्वास नसलेल्या मुलीसाठी बांधल्या होत्या, त्या गाताना हा माणूस कुठे कुठे श्वास घेतो, तेवढे मोजत बसावे.